बाहीखालचा हात

बाही चढवली की रुपेश तोडणकरचा हात देवाचा होतो, असं वारुणी शिपयार्डात म्हणायचे. म्हणणाऱ्यांचं काय जातं! देवाला डबल बॉटमच्या टाकीत उतरावं लागत नाही.

जहाजाचा तळ दुहेरी असतो. दोन तळांच्या मध्ये पोकळ कप्पे, आणि कप्प्यात शिरायला माणूस जेमतेम मावेल एवढं भोक. रोबो आले तेव्हा यार्डातली सपाट, सरळ, हवेशीर कामं सगळी घेऊन गेले. माणसाला उरले हे कप्पे. तिथे फासळ्यांमधून वाकून, उताणं पडून, मान मोडून वेल्डिंग करायचं. रोबोची मान तिथे शिरत नाही, म्हणून तोडणकरची शिरवायची. चांगली जागा यंत्राला आणि धूर माणसाला, एवढीच काय ती प्रगती.

धुरावर यार्डाचा जुना इलाज होता गूळ. टाकीतून वर आलं की फोरमन हातावर गुळाचा खडा ठेवायचा. गुळाने छाती साफ होते म्हणे. यार्डाने परदेशातून यंत्रं आणली, त्यांच्यासाठी एसी बसवला, पण कप्प्यातला धूर ओढून घेणारा धड ब्लोअर काही आणला नाही. गूळ मात्र सेंद्रिय केला.

मग बाही आली.

बाही म्हणजे मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत चढणारं काळं, पातळ कापड, बकलांनी आवळायचं. दोन्ही हातांना एकेक. माणसाचा स्नायू हलतो तो विजेवर. मेंदूकडून बारीक करंट निघतो आणि बोट वाकतं. तो करंट कातडीवरून वाचणारे सेन्सर जुनेच होते. नवा शोध होता त्याच्या पुढचा. थरथरणाऱ्या हाताला एक ठरलेला ताल असतो. बाही तो ताल पकडते, आणि पुढचा हेलकावा यायच्या आतच उलट्या बाजूच्या स्नायूला तेवढाच झटका देते. दोघांनी दोरीच्या दोन टोकांनी लाटा सोडाव्यात, मधोमध त्या एकमेकींना भिडून मराव्यात आणि दोरी सरळ राहावी, तसं. माणसाला काहीच कळत नाही. त्याला वाटतं, माझाच हात स्थिर आहे. ज्यांना घोटभर पाणी धड पिता येत नाही अशा म्हाताऱ्यांसाठी कुणा भल्या संशोधकाने ते शोधून काढलं होतं. यार्डाने ते धडधाकट वेल्डरांच्या हातावर चढवलं.

काम सुंदर व्हायला लागलं, हे खोटं नाही. रुपेशने जोडलेला सांधा जिताड्याच्या खवल्यांसारखा एकसारखा यायचा. पाहुणे आले की साहेब लोक त्याच्या सांध्यावरून बोट फिरवून दाखवायचे. बाही यार्डात काढायची नाही, हा नियम. घरी न्यायची, रात्रभर चार्जिंगला लावायची, सकाळी घालूनच गेटातून आत यायचं. "तुमचीच समजा," असं सांगितलं होतं. कंपनी किती उदार, असं सगळ्यांना वाटलं.

घरी बाही उतरली की रुपेशचा हात थरथरायचा. आधी थोडासा, आंघोळ झाल्यावर थंडीने थरथरावा तेवढा. मग आमटीची वाटी सांडायला लागली. कंपनीने आधीच सांगून ठेवलं होतं, हाताला बाहीची सवय लागते, ती काढली की हात रुसतो, घाबरू नका. रुपेशने ते मानलं. वेल्डरचा हात म्हणजे त्याची अब्रू. अब्रूला काय झालंय हे तो चारचौघांत कसं विचारणार? युनियनच्या खोलीत रविवारी कॅरम चालायचा, तिथे जाणं त्याने सोडलं. पाठ दुखते म्हणून सांगितलं. पुढे कॅरमच बंद पडल्याचं कानावर आलं. हल्लीच्या पोरांना मोबाइलशिवाय काय सुचतंय, असं म्हणून त्याने तो विषय संपवला.

त्याची बायको दर्शना अंगणवाडीत काम करायची. दिवसभर पोरांची तोंडं वाचणारी बाई. एकदा जेवताना तिने विचारलं, "अहो, तुम्ही हसत का नाय हल्ली?"

"हसण्यासारखं काय हाय?"

"तसं नाय. मघाशी व्हिडिओ बघत होतात ना, त्या बोकडाचा. हसल्याचा आवाज आला तुमचा. तोंड हललंच नाय. दगडाच्या देवासारखं होतं. मी घाबरले."

"जेवू दे गं."

"डॉक्टरला दाखवू या का?"

रुपेशने ताट भिरकावलं. भिंतीवर आमटीचा ओघळ आला. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्याने कधी चमचा आपटला नव्हता. दर्शना ओघळाकडे बघत बसली आणि तो स्वतःच्या हाताकडे. हाताला आपण काय केलं याची लाज नव्हती. तो आपला ताल धरून हलत होता.

बकरी ईदला तो इम्तियाज सोलकरकडे गेला. इम्तियाज त्याचा जोडीदार. एक आत शिरला की दुसऱ्याने भोकाशी बसून हाक देत राहायची, अशी त्यांची जोडी शिकाऊ होते तेव्हापासूनची. दोन वर्षं रुपेशने ईद चुकवली होती. या वेळी इम्तियाजच्या बायकोने, शबानाने, फोनवर तोंडच सोडलं, म्हणून गेला. बाही चार्जिंगला लावून, हात खिशात घालून.

शबानाने दोघांपुढे चहा ठेवला. काठोकाठ भरलेला.

इम्तियाज मांडीखाली हात घालून बसला होता. रुपेशचे हात खिशात.

"घे रे," इम्तियाज म्हणाला.

"तू घे आधी."

"तू पाहुणा."

"तू मालक."

"अवो, काय लखनौचे नवाब काय?" शबाना दारातून म्हणाली. "भावजी, साय धरली बघा. घ्या."

"गरम हाय भाभी."

"गरम? केवढा वेळ झाला!" ती आत गेली. चहा तसाच. भिंतीवरचं घड्याळ वाजत राहिलं. दोघंही कपाकडे बघत होते, कपात साप असल्यासारखे. मग रुपेशच्या डोक्यात काहीतरी पेटलं. त्याने खिशातून हात काढला, कप उचलला. बशीत, गादीवर, पँटवर चहा सांडला.

इम्तियाजने आधी दार लोटून घेतलं. मग त्याने आपला कप उचलला. तोही सांडला, जरा कमी.

"कधीपासून?" रुपेशने विचारलं.

"पोरीची दहावी झाली तेव्हापासून. मला वाटलं, माझाच हात रुसलाय. यार्डात तुझा हात बघायचो ना... वाटायचं, रुप्या बघ, कसा दगडावानी हात. आपलंच काहीतरी पाप."

"मी तुझा बघत होतो, मेल्या."

मग इम्तियाजने नावं घ्यायला सुरुवात केली. कॅरम सोडलेला कोण, दाढी करायला सलूनमध्ये जायला लागलेला कोण, लग्नात पंगतीला न बसता घाईत निघून गेलेला कोण. एवढे वेल्डर एका यार्डात रोज एकमेकांचे हात बघत होते, आणि प्रत्येक जण घरी जाऊन दार लावून एकटाच थरथरत होता. बाकी सगळ्यांचे हात बाहीने दगडाचे करून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी रुपेश सेफ्टी ऑफिसर बिडवेच्या केबिनमध्ये शिरला. बिडवे वाईट बोलणारा माणूस नव्हता. खुर्ची द्यायचा, नाव घेऊन बोलायचा. असल्या माणसांवर धड चिडताही येत नाही, म्हणून तर त्यांना तिथे बसवतात.

"साहेब, हात थरथरतो. बाही काढली की."

"सवयीचा भाग आहे, तोडणकर. सांगितलं होतं ना?"

"सवयीने आमटी सांडत नाय साहेब! ब्लोअर द्या नायतर मला टाकीतून काढा. किती वर्षं गूळ चाटवणार हाय? मी काय मुंगळा काय?" त्याचा आवाज चढत गेला, टेबलावर मूठ पडली. बाही घातलेली, एकदम नेमकी.

बिडवे शांत. "बसा. बसा हो. पाणी घ्या. हे बघा, हा राग तुमचा नाही. ह्या आजारात तसं होतंच. चिडचिड वाढते, हसू कमी होतं. मनाला लावून घेऊ नका."

रुपेश पाणी प्यायला. ग्लास ठेवला. मग म्हणाला, "कुठच्या आजारात?"

बिडवेने रिकामा ग्लास पुन्हा भरायला घेतला.

"मी हात म्हटलं साहेब. आजार म्हटलं नाय. आणि हसू गेल्याचं माझ्या बायकोशिवाय कुणाला माहीत नाय."

"म्हणजे... जनरल बोललो मी. वय झालं की..."

"शेचाळीसचा हाय मी."

बिडवेने चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला. "बाही किती जोर लावते ते वर ऑफिसात दिसतं आम्हाला," तो शेवटी म्हणाला. "प्रत्येकाचं. तुमचं थोडं जास्त आहे, एवढंच. त्यावर उपाय आहे ना. नवीन मॉडेल येतंय, बॅटरी दिवसभर चालते. घरीही घालून बसा. कुणाला काही कळणार नाही. मी पहिली तुम्हाला देतो."

"तोंडाची पण बाही निघाली की सांगा," रुपेश म्हणाला. "बायकोला हसून दाखवायचंय."

रत्नागिरीला मेंदूच्या डॉक्टरीणबाई होत्या. तरुण, बोलायला फटकळ. त्यांनी रुपेशला दोन बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, कागदावर नाव लिहायला लावलं. त्याची अक्षरं ओळीच्या शेवटी मुंगीएवढी होत गेली. दर्शना बाजूला पदर चावत उभी.

"मँगनीज," बाई म्हणाल्या. "तुमच्या रॉडमध्ये असतं, पोलादात असतं. त्याने सांधा मजबूत होतो. वितळलं की धुरात येतं. बंद जागेत ते धुराबरोबर नाकावाटे रक्तात जातं आणि मेंदूच्या आत, अगदी खोल, हालचाल सांभाळणाऱ्या गाठींमध्ये साचतं. मग हात, चाल, चेहरा, स्वभाव, सगळं बदलायला लागतं. वेल्डर लोकांतलं हे दुखणं डॉक्टरांना जुनं ठाऊक आहे. नवीन आहे ती ही तुमची बाही. एरवी हात थरथरला की माणूस पहिल्या वर्षात माझ्याकडे येतो. थरथर म्हणजे शरीराने वाजवलेली घंटा असते. तुमच्या घंटेला कुणीतरी फडकं गुंडाळून ठेवलं."

"बरं होईल?" दर्शनाने विचारलं.

"यांचं गेलेलं परत आणायचं औषध माझ्याकडे नाही. खोटं बोलणार नाही. पण सुरुवातीलाच जो धुरातून बाहेर पडेल, त्याचं बरंचसं तिथेच थांबू शकतं." त्या रुपेशकडे वळल्या. "तुमच्या यार्डात असे किती आहेत?"

बसमध्ये दर्शना खिडकीकडे तोंड करून रडली. रुपेश तिच्याकडे न बघता एवढंच म्हणाला, "त्या दिवशीचं ताट... मी नव्हतो गं तो." ती म्हणाली, "तुम्हीच होतात. राग तेवढा आजाराचा. पण आजचा राग तुमचा हाय. हा आजाराचा नाय. हा विझवू नका."

संध्याकाळी त्याने इम्तियाजला जेट्टीवर गाठलं. "तुझा चहा माझ्यापेक्षा कमी सांडला. तुला अजून वेळ हाय. नीघ बाहेर. सगळ्यांना काढू."

"काढू? कसं? बिडवेला पत्र लिहून?"

"टेस्टला. पुढच्या आठवड्यात मिस्किटा मॅडम येतेय."

मिस्किटा मॅडम म्हणजे सर्वेअर. जहाज समुद्रात जायच्या लायकीचं आहे की नाही हे ठरवणाऱ्या संस्थेची, यार्डाची नव्हे. वेल्डरची ठरावीक काळाने परीक्षा घ्यायची, त्याच्या हातचा सांधा वाकवून, तोडून बघायचा, मगच त्याला जहाजावर काम, ही रीत जुनी. बाही घालून परीक्षा चालायची, कारण यार्डाने तिला सांगितलं होतं की हे नुसतं मोजणारं कापड आहे, हातमोज्यासारखं.

"मी बाही काढून टेस्ट देतो," रुपेश म्हणाला. "तिच्या डोळ्यांसमोर नापास होतो. मग तू दे, मग बाकीचे. नापास माणसाला टाकीत उतरवता येत नाय."

इम्तियाज एक पाऊल मागे सरला. "डोकं फिरलंय तुझं. नापास झालो की दुसऱ्या दिवशी गेटाबाहेर. माझ्या अलिनाचं नर्सिंगचं अजून एक वर्ष हाय. तुझा पोरगा लागला नोकरीला, तुला काय झालंय बोलायला!"

"आणि ती नर्स होऊन काय करणार? तुला चमच्याने भरवणार?"

"भरवेल! पण शिकून भरवेल!" इम्तियाज ओरडला. जेट्टीवरचे लोक वळून बघायला लागले. "तू माझं नाव घेतलंस ना तिथे, तर आपलं संपलं. शिकाऊ होतो तेव्हापासूनचं सगळं संपलं. समजलास?"

परीक्षेच्या दिवशी शेडमध्ये रांग लागली. उभ्या पत्र्यांची जोडी लोखंडी घोडीवर बांधलेली. मिस्किटा मॅडम हेल्मेट घालून खुर्चीत, बिडवे तिच्या मागे. पहिलं नाव तोडणकरचं, त्याच्या मागे सोलकर. इम्तियाज त्याच्याशी आठवडाभर बोलला नव्हता.

रुपेश पुढे झाला. उजव्या हाताने डाव्या बाहीची बकलं सोडली. ती भराभर सुटली. डावा हात मोकळा झाला आणि सगळ्या शेडसमोर थरथरायला लागला. त्याच हाताने त्याने उजवी बाही धरली. बोटं बकलावरून घसरत राहिली.

"तोडणकर, काय चाललंय? बाही घाला," बिडवे म्हणाला.

"सुटत नाय साहेब. घरी बायको सोडते रोज." त्याने उजवा हात बिडवेच्या छातीपुढे धरला. "आज तुम्ही सोडा."

बिडवे मागे सरला. "मॅडम, सेफ्टीची वस्तू आहे ही. काढता येत नाही."

"हातमोजा आहे म्हणालात ना?" मिस्किटा मॅडम उभी राहिली. तिची नजर त्या थरथरणाऱ्या हातावरून हलत नव्हती. "हातमोजा काढल्यावर असं होतं?"

"मॅडम, ही आत करंट देते," रुपेश म्हणाला. "आमचा हात धरून ठेवते. तुम्ही इतकी वर्षं बाहीला पास करत होतात. आज मला नापास करा."

मिस्किटा मॅडम पुढे आली आणि स्वतः बकलं सोडली. मग म्हणाली, "परीक्षा माणसाची आहे. करा सुरू."

त्याने वेल्डिंगची काच तोंडावर ओढली आणि रॉड टेकवला. रॉड चिकटला. हिसडून काढला, पुन्हा टेकवला, ज्वाला पेटली. हात डावीकडे गेला, उजवीकडे गेला, धातू ओघळला, थेंब थेंब होऊन खाली पडला. तो वरपर्यंत थांबला नाही. सांध्यावरची जळकी खपली झाडल्यावर जे दिसलं ते शिकाऊ पोरालाही शोभलं नसतं. कुठे गाठ, कुठे भोक, कुठे नुसताच पत्रा. शेडमध्ये कुणी हसलं नाही.

"नापास," मिस्किटा मॅडम म्हणाली. "पुढचा. बाही न घालता."

"आजची टेस्ट रद्द!" बिडवेचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "सगळ्यांनी कामाला जायचं. जो थांबेल त्याने उद्या गेटावर यायचं नाही."

रांग हलली. मागचे काही जण मान खाली घालून निघाले. जाणाऱ्यांना रुपेशने नावं ठेवली नाहीत. त्याने इम्तियाजकडेही बघितलं नाही. बघितलं असतं तर ते नाव घेतल्यासारखं झालं असतं.

इम्तियाज जागेवरच उभा होता. मग तो रांगेतून बाहेर आला आणि सरळ रुपेशच्या पुढ्यात येऊन थांबला. एक बाही ओरबाडून काढली. दुसरी दातांनी. बकल तुटून फरशीवर उडालं.

"हरामखोरा," तो म्हणाला, "माझ्या पोरीचं वर्ष खाल्लंस तू. थोबाड फोडतो तुझं." आणि त्याने मूठ उगारली.

मूठ रुपेशच्या नाकासमोर थरथरत राहिली. वर, खाली, वर, खाली.

"फोड की," रुपेश म्हणाला.

"थांब. आधी ही मूठ थांबू दे."

रांगेतून कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच त्याला ठसका लागला. इम्तियाजने मूठ खाली घेतली, रुपेशच्या हातातून काच हिसकावून घेतली आणि बिडवेकडे पाठ करून घोडीसमोर उभा राहिला. मिस्किटा मॅडमने नवे पत्रे बांधायला सांगितले.

त्याचा रॉडही चिकटला. त्याने शिवी हासडली आणि पुन्हा टेकवला. मागे रांगेत एक बकल सुटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने दुसरं. बाकीचे बाही घट्ट धरून बघत उभे होते.